जिचं नाव तिच्याच तोंडी

मुलीसाठी नाव शोधायचं म्हटल्यावर आम्ही दोघांनी मोजक्याच अटी ठरवल्या. नाव सहसा कानावर न पडणारं हवं, उच्चारायला स्वच्छ हवं आणि आपण तिला त्याचा जो अर्थ सांगू तो खरा हवा. पहिल्या दोन अटी चटकन भागतात. तिसरीनं मात्र मला शब्दकोशांतून, व्याकरणातून शेवटी थेट ऋग्वेदापर्यंत नेलं. त्या वाटेवर जे हाती लागलं ते लिहून काढावंसं वाटलं, कारण मुलीचं नाव शोधणाऱ्या कित्येकांची ओढाताण नेमकी इथेच होते.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, म्हणजे नावांच्या तयार याद्या. डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ. थोडा वेळ वाचत गेलं की ध्यानात येतं, उजवीकडचा रकाना फार थोड्या शब्दांवर चालतो: लक्ष्मी, दुर्गा, पहाट, किरण, सुंदर, देवाची देणगी. जे नाव कुठून आलं ते कळत नाही, त्याला ‘देवीचं एक नाव’ हा अर्थ बिनदिक्कत चिकटवलेला. एकच नाव दोन याद्यांत दोन अर्थांनी भेटतं आणि तिसऱ्या यादीत ते दोन्ही अर्थ स्वल्पविराम देऊन शेजारी शेजारी बसवलेले असतात. म्हणून मी वहीत वेगळे रकाने आखले. शब्द बनला कसा, तो जुन्यात जुना कुठे सापडतो, आणि ते नाव घेऊन कोण जगलं. ज्या नावापुढे सगळेच रकाने कोरे राहिले, ते खोडून टाकलं.

‘कियारा’पासूनच या रकान्यांची गरज पटली. हे नाव आपल्याकडे आता रुळलंय, पण त्याच्या मागे दोन वेगवेगळी नावं उभी आहेत. एक इटालियन ‘क्यारा’. ते लॅटिन ‘क्लारस’वरून आलं, अर्थ स्वच्छ, उजळ. तेराव्या शतकातली असिसीची संत क्लेअर इटालियनमध्ये क्यारा म्हणूनच ओळखली जाते. दुसरं आयरिश, ‘कीरा’च्या जवळपास उच्चारलं जाणारं, ते ‘कीर’ या जुन्या शब्दावरून आलं आणि त्याचा अर्थ काळा, सावळा. मुळं निराळी, अर्थ तर एकमेकांच्या उलट, आणि बोलता बोलता दोन्ही एका नावात मिसळून गेली. उजळ ठेवा की सावळी, दोन्ही अर्थ छानच आहेत. पण आपण त्यातलं कुठलं घेतो आहोत हे आईबापांना ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

‘मायरा’ची गोष्ट आणखी वेगळी. हे नाव एका कवीच्या कवितेतून आलेलं. फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) या इंग्लिश कवीच्या प्रेमकवितांमधल्या प्रेयसीचं हे नाव. गोड, लाडकी, अद्भुत हे याद्यांमधले अर्थ त्यावर नंतर येऊन बसले. लेखकांनी घडवलेली अशी नावं युरोपात बरीच आहेत. ‘व्हनेसा’ हे जोनाथन स्विफ्टनं आपल्या एका मैत्रिणीच्या आडनावाचा पहिला तुकडा आणि नावाचं लाडकं रूप जोडून केलं. ‘इमोजेन’ शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या संग्रहातून पसरलं, आणि पुष्कळ अभ्यासकांच्या मते ते मुळात ‘इन्नोजेन’ होतं. छपाईत दोन ‘न’ एकत्र येऊन त्यांचा ‘म’ झाला. एका मैत्रिणीच्या मुलीचं नाव मायरा आहे. तिला मी कवीची ही हकिकत सांगितली तेव्हा तिला ती ‘गोड’ या अर्थापेक्षा कितीतरी जास्त आवडली. कवितेसाठी घडवलेलं नाव खोटं नसतं. त्याचा जन्म कुठे झाला ते सरळ सांगावं, एवढंच.

परभाषांतली काही नावं मी निव्वळ आनंदासाठी टिपून ठेवली. हिब्रू ‘डेबोरा’ आणि ग्रीक ‘मेलिसा’ या दोघींचा अर्थ एकच, मधमाशी. हिब्रू ‘रेचेल’ म्हणजे मेंढी. अरबी ‘खदीजा’ म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेली. जी माणसं कळपांबरोबर राहत, त्यांना मेंढीहून प्रेमाचं काय दिसणार? आणि अपुऱ्या दिवसांची मुलगी जगली, हे नावातच नोंदवून ठेवणारी आई मला फार जवळची वाटली.

संस्कृत नावांकडे वळल्यावर शब्दकोश उघडले. वामन शिवराम आपट्यांचा १८९०चा आणि मोनिअर-विल्यम्सचा १८९९चा, हे दोन मुख्य. मोनिअर-विल्यम्सचा कोश वाचायचा एक मार्ग आहे आणि नाव शोधणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. प्रत्येक अर्थापुढे तो शब्द कुठल्या ग्रंथात आला याची खूण असते. ऋग्वेद, महाभारत, कालिदास, जे असेल ते. पण काही अर्थांपुढे नुसतं ‘एल.’ असतं. म्हणजे तो अर्थ जुन्या कोशकारांनी नोंदवलाय, पण वापरात, एखाद्या वाक्यात, कोशकर्त्याला तो मिळालेला नाही. याद्यांमधले दुर्मीळ अर्थ कित्येकदा इथून उचललेले असतात. शब्द खोटा नसतो, पण त्याला कुणी बोलताना पकडलेलं नसतं. अशा नावांपुढे मी बारीक फुली करून ठेवायची.

कोशात डोकावलं की काही नावांचे चेहरे बदलतात. ‘तृषा’ म्हणजे तहान. ‘वारुणी’ ही वरुणाची, खरी, पण हा शब्द मद्यालाही आहे आणि समुद्रमंथनातून निघाली ती मद्याची देवता म्हणूनच. ‘अस्मिता’ आपण स्वत्व, स्वाभिमान अशा अर्थानं ठेवतो, तर पतंजलींच्या योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक आहे. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. इथे मला वाटतं, मराठीनं त्या शब्दाला जो अर्थ दिला तोही तितकाच खरा. शब्द एका काळात अडकून पडत नाहीत. ‘विभावरी’चंच पाहा. ऋग्वेदात हे उषेचं विशेषण आहे, झळाळणारी. नंतरच्या संस्कृतात तोच शब्द रात्रीसाठी वापरला जाऊ लागला. पहाटेचं नाव रात्रीला मिळालं, बहुधा चांदण्यांच्या झळाळीमुळे. ज्यांच्या घरी विभावरी आहे त्यांना मी हे आवर्जून सांगते.

व्याकरणाचा एक मुद्दा इथेच उरकते. यशस्वी, मनस्वी, ओजस्वी ही नावं हल्ली मुलींना ठेवतात. संस्कृतात ही पुल्लिंगी रूपं आहेत. स्त्रीलिंगी रूपं यशस्विनी, मनस्विनी, ओजस्विनी. मराठीत ‘तेजस्वी मुलगी’ असं आपण सहज म्हणतो, त्यामुळे कानाला खटकत नाही, आणि मराठी नाव म्हणून त्यात काही चूक आहे असंही मी मानत नाही. मला मात्र ‘मनस्विनी’मधला तो शेवटचा लांब हेल सोडवेना.

मुलींच्या नावांचे जुने नियमही वाचले. पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं, मुलीच्या नावात अक्षरं विषम असावीत आणि शेवटी ‘आ’ असावा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रियांचं नाव सुखानं उच्चारता येणारं, क्रूर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं, मनोहर आणि मंगल असावं असं सांगितलंय. तिसऱ्या अध्यायात तर नक्षत्र, झाड, नदी, पर्वत, पक्षी, साप यांची नावं असलेल्या मुलीशी लग्नच करू नये, असा निषेध आहे. समाजानं तो निषेध कधी मनावर घेतलेला दिसत नाही. रोहिणी, रेवती, गंगा, यमुना, गोदावरी, मैना यांच्याशिवाय आपल्या आज्यापणज्यांची पिढी डोळ्यांपुढे आणता येत नाही. नद्यांची नावं तर मी पानभर लिहिली होती. ऋग्वेदातली असिक्नी, म्हणजे काळीसावळी, तीच पुढे चंद्रभागा म्हणजे आजची चिनाब. परुष्णी ती नंतरची इरावती, आजची रावी. वितस्ता म्हणजे झेलम. ‘वितस्ता’वर मी बरेच दिवस रेंगाळले.

पण खरा धक्का बसला तो ‘गार्गी’शी. हे नाव माझ्या मनात पहिल्यापासून होतं. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषीला भर सभेत ती विचारते, हे सगळं पाण्यात ओवलेलं, तर पाणी कशात? वारा कशात? अंतरिक्ष कशात? शेवटी तो म्हणतो, याच्यापुढे विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसते, आणि थोड्या वेळानं पुन्हा उठते. म्हणते, काशीचा किंवा विदेहाचा वीर धनुष्य सज्ज करून हातात दोन बाण घेऊन उभा राहावा, तशी मी दोन प्रश्न घेऊन उभी आहे. असं बोलणाऱ्या बाईचं नाव मुलीला द्यावं, यात शंका कसली? पण वहीतला पहिला रकाना भरायला घेतला आणि थबकले. गार्गी म्हणजे गर्ग कुळातली. तिचं दुसरं नाव वाचक्नवी, म्हणजे वचक्नूची मुलगी. एक कुळावरून, दुसरं बापावरून.

मग मी मागे जाऊन सगळीच नावं पुन्हा पाहिली. जानकी, जनकाची. वैदेही, विदेहाची. मैथिली, मिथिलेची. द्रौपदी द्रुपदाची, पांचाली पांचालांची, याज्ञसेनी यज्ञसेनाची. ‘कृष्णा’ हे तिचं असं नाव आहे आणि आपण ते सहसा वापरत नाही. कुंती ही कुंतिभोजाच्या घरी दत्तक गेली म्हणून कुंती, मूळची पृथा. गांधारी, माद्री, कैकेयी ही तर माहेरच्या देशांची नावं. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. प्राचीन रोममध्ये मुलीला घराण्याचंच नाव स्त्रीलिंगी करून देत. जुलियस घराण्यातली ती जुलिया, कॉर्नेलियस घराण्यातली कॉर्नेलिया. जुलियस सीझरच्या दोन्ही बहिणी जुलिया होत्या आणि त्याची मुलगीही जुलियाच. थोरली, धाकटी असं म्हणून त्यांना वेगळं ओळखायचं.

गार्गीबद्दल सांगायचं तर, तिच्या दोन बाणांनी ते कुळाचं नाव तिचं स्वतःचं करून टाकलं, असं मी आजही मानते. ज्यांनी ते ठेवलंय त्यांनी योग्यच केलं. पण माझा शोध मात्र तिथून वळला. अशी कोण आहे, जिचं नाव तिच्या एकटीचं आहे आणि ते तिनं स्वतः उच्चारलंय?

‘बृहद्देवता’ या ग्रंथात ऋग्वेदातल्या मंत्रद्रष्ट्या स्त्रियांची यादी आहे. ती यादी मी हातानं उतरवून काढली. घोषा, गोधा, विश्ववारा, अपाला, जुहू, अदिती, इंद्राणी, सरमा, रोमशा, उर्वशी, लोपामुद्रा, यमी, शश्वती, श्रद्धा, मेधा, रात्री, सूर्या... यांतल्या काही देवता आहेत, काही कल्पना, आणि सरमा तर इंद्राची कुत्री. गोधा म्हणजे घोरपड. आणि याच यादीत ‘अगस्त्याची बहीण’ आहे, ‘इंद्राची आई’ आहे. मंत्र त्यांच्या नावावर आहे, पण नाव नाही. उतरवताना तिथे हात थांबला.

एकेकीचं सूक्त काढून वाचलं. विश्ववाराचं सूक्त पाचव्या मंडलातलं अठ्ठाविसावं. पहिल्याच ऋचेत तिचं नाव आहे: ‘एति प्राची विश्ववारा नमोभिः’. सर्वांना हवीशी, सगळी संपदा जवळ असलेली, पूर्वेकडे तोंड करून नमस्कारांसह निघाली आहे. मी हरखून गेले. मग ओळ पुढे वाचली आणि शेवटी ‘घृताची’ हा शब्द आला, तुपानं माखलेली. निघाली आहे ती यज्ञातली पळी. ‘विश्ववारा’ हे पळीचं विशेषण! ऋषिकेचं नाव त्या शब्दावरून पडलं की तिनं आपलं नाव खुबीनं ऋचेत ओवलं, दोन्ही वाचनं होऊ शकतात. घृताची हीच पुढे महाभारतात अप्सरा होऊन येते. एका ओळीत दोन बायकांची नावं, आणि दोन्ही एका तुपाच्या पळीची.

अपाला आठव्या मंडलात भेटली. नावाचा सरळ अर्थ, राखण नसलेली. पाण्याकडे जाताना तिला सोम सापडतो, ती तो दातांनीच चावून त्याचा रस काढते आणि इंद्राला देते. वर मागताना म्हणते, बापाच्या टकलावर केस उगवू देत, त्याच्या शेतात पीक येऊ दे, आणि माझ्या अंगावरही उगवू दे. इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या भोकातून ओढून काढतो आणि ती सूर्यासारख्या कांतीची होते. लोपामुद्राच्या नावाची उकल करणारे म्हणतात, अगस्त्यानं तिला सगळ्या प्राण्यांचे सुंदर अवयव घेऊन घडवलं, तेव्हा त्यांच्या सौंदर्याच्या मुद्रांचा लोप झाला. कथा देखणी आहे, पण त्यात ती पुन्हा अगस्त्याची निर्मिती ठरते. तिचं सूक्त मात्र त्याच्या उलट. तिथे तीच आधी बोलते.

आणि मग घोषा. दहाव्या मंडलातली एकोणचाळिसावं आणि चाळिसावं अशी दोन अख्खी सूक्तं तिची, दोन्ही अश्विनीकुमारांना उद्देशून. घोष म्हणजे मोठा आवाज, जाहीर उच्चार. जयघोष, उद्घोष, घोषणा यांतला. ती कक्षीवान ऋषीची मुलगी. आजारपणामुळे तिचं लग्न झालं नाही आणि ती बापाच्या घरी वयस्क होत गेली, अशी परंपरेनं चालत आलेली हकिकत. कक्षीवानाच्या स्वतःच्या सूक्तात, पहिल्या मंडलात, तिचा उल्लेख आहे: बापाच्या घरी जून होत चाललेल्या घोषेला, हे अश्विनांनो, तुम्ही पती दिलात. पण मला जिनं जिंकलं ती चाळिसाव्या सूक्तातली पाचवी ऋचा. तिथे ती म्हणते, अश्विनांनो, राजाची मुलगी घोषा तुमच्याभोवती फिरत बोलली, मी तुम्हाला विचारते. ‘घोषा ऊचे’, घोषा बोलली. आपलं नाव आपणच घेऊन, बोलण्याच्या क्रियापदाला जोडून. माझे तिन्ही रकाने एका ओळीत भरले.

घरी हे नाव मांडलं तेव्हा सासूबाईंनी पहिली शंका काढली, आणि ती अगदी रास्त होती. “अगं, लोक ‘गोषा’ ऐकतील.” गोषा म्हणजे पडदा, बायकांना आड ठेवण्याची चाल, फारसीतल्या ‘कोपरा’ या अर्थाच्या शब्दावरून मराठीत आलेला. ‘ग’ आणि ‘घ’ यांत फक्त एका श्वासाचं अंतर. एकीकडे आवाज, दुसरीकडे पडदा. मी त्यांना म्हटलं, “आई, मग आपण तो ‘घ’ नीट उच्चारायला सगळ्यांना शिकवू.” त्यांची दुसरी शंका अशी, की जिचं आयुष्य आजारपणात गेलं तिचं नाव का ठेवायचं? त्यांना मी दोन्ही सूक्तांचा मराठी अर्थ वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “बाईनं मागितलं मात्र स्पष्ट.”

नवऱ्याचा प्रश्न मुळावरच घाव घालणारा होता. नावाच्या अर्थानं मुळात काही होतं का? त्याला मी मार्कंडेय पुराणातली मदालसा सांगितली. राजा ऋतध्वज पहिल्या मुलाचं नाव विक्रांत ठेवतो, दुसऱ्याचं सुबाहू, तिसऱ्याचं शत्रुमर्दन, आणि दर वेळी मदालसा हसते. चौथ्या वेळी तो म्हणतो, मग तूच ठेव. ती ठेवते ‘अलर्क’. राजा म्हणतो, या नावाला काय अर्थ? ती म्हणते, नाव व्यवहारापुरतं असतं. तुमच्या नावांना तरी कुठे अर्थ आहे? आत्मा सगळीकडे आहे, तो चालून कुठे जाणार, मग विक्रांत कसा? त्याला देह नाही, मग सुबाहू कसा? सगळ्यांत तोच आहे, मग शत्रू कोण? नवरा म्हणाला, ही तर माझ्याच बाजूनं बोलतेय. खरं आहे. पण तेवढं बोलण्यासाठी तिनंही प्रत्येक नावाचा अर्थ आधी तपासलाच होता.

शेवटची परीक्षा साधी होती. नाव लांबून हाक मारून पाहिलं, कुजबुजून पाहिलं, न सांगता दोघाचौघांना लिहायला दिलं. बहुतेकांनी पोटफोड्या ‘ष’च लिहिला, एकानं शहामृगातला ‘श’. पारस्करांच्या विषम अक्षरांच्या नियमात हे दोन अक्षरी नाव बसत नाही. शेवटचा ‘आ’ तेवढा आहे. आम्ही तेच ठेवलं.

वहीतली बाकीची नावं मागेल त्याला देते. वितस्ता अजून कुणी नेलं नाही. विश्ववारा मावसबहिणीनं मागितलं, तेव्हा तिला ती संपूर्ण ऋचा पळीच्या अर्थासकट लिहून दिली आणि म्हटलं, वाचून ठरव. तिनं वाचलं, आणि तेच नाव ठेवलं. घरी तिला वारा म्हणतात.